चार्टच्या मेनूतले गोंधळात टाकणारे सांख्यिकी शब्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मेनूतला एखादा शब्द निवडला की पडद्यामागे एक ठरावीक गणित होते. शब्द एक सांगत असेल आणि गणित दुसरेच होत असेल, तर आलेख दिसतो नीटनेटका पण अर्थाने चुकतो. पाहणाऱ्याला ते कळायला काही मार्गही नसतो. एक्सेल, लिबरऑफिस, आर किंवा पायथॉनमध्ये आलेख काढणाऱ्यांसाठी हे पान आहे. अशा सॉफ्टवेअरमधली लेबले, मदतीचा मजकूर किंवा मराठी भाषांतर सुधारायची ज्यांची इच्छा आहे, त्यांच्यासाठीही आहे. प्रश्न कोणत्याही क्रमाने वाचता येतील, पण एरर बारचे, म्हणजे स्तंभावर किंवा बिंदूवर काढलेल्या अनिश्चितता वा पसरटपणा दाखवणाऱ्या रेघांचे, सुरुवातीचे प्रश्न कोणी वगळू नयेत. पुढे नुसते ‘बार’ म्हटले की एरर बारच समजावा.

एरर बारमध्ये ‘स्टँडर्ड डेव्हिएशन’ आणि ‘स्टँडर्ड एरर’ असे दोन पर्याय दिसतात. कोणता निवडायचा?

आधी स्वतःला विचारा: मला नोंदींचा पसरटपणा दाखवायचा आहे की सरासरी किती पक्की आहे ते?

प्रमाण विचलन, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, नोंदी सरासरीभोवती किती विखुरल्या आहेत ते सांगते. स्टँडर्ड एरर त्या सरासरीच्या अंदाजाबद्दल बोलते: असाच नमुना पुन्हा पुन्हा घेतला, तर सरासरी साधारण किती हलेल? प्रमाण विचलनाला नोंदींच्या संख्येच्या वर्गमुळाने भागले की स्टँडर्ड एरर मिळते. समजा २५ रोपांची उंची मोजली आणि प्रमाण विचलन १० सेंटिमीटर आले. मग स्टँडर्ड एरर १० भागिले ५, म्हणजे २ सेंटिमीटर. १०० रोपे मोजली तर ती १ सेंटिमीटरच्या आसपास येईल. प्रमाण विचलन मात्र १० च्या जवळपासच राहील, कारण जास्त रोपे मोजली म्हणून रोपांमधला फरक कमी होत नाही.

एकाच माहितीवर एक बार दुसऱ्याच्या पाचपट लांब असू शकतो तो असा. छोटा बार देखणा दिसतो म्हणून स्टँडर्ड एरर निवडण्याची सवय बरीच पसरली आहे आणि ती सोडायला हवी. काहीही निवडा, पण काय निवडले ते आलेखाखाली लिहा. ज्या एरर बारखाली त्याचे नाव नाही, त्यातून वाचणाऱ्याला काहीच ठरवता येत नाही.

तीन गटांच्या सरासऱ्यांचा स्तंभालेख काढून एक्सेलमध्ये ‘स्टँडर्ड एरर’ निवडले. तिन्ही बार सारख्याच लांबीचे का आले?

कारण एक्सेलने तुमच्या मूळ नोंदी पाहिल्याच नाहीत. त्याच्यासमोर होते ते आलेखात काढलेले तीन आकडे, म्हणजे तीन सरासऱ्या. त्या तिघांनाच एक नमुना समजून त्याने स्टँडर्ड एरर काढली आणि तीच प्रत्येक स्तंभावर लावली. पहिल्या गटात ५० नोंदी होत्या आणि तिसऱ्यात ५, हे त्याला ठाऊकच नाही.

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा इशारा हाच. मेनूतले नाव बरोबर आहे, सूत्रही बरोबर आहे, पण ते कोणत्या आकड्यांवर चालले हे लेबल सांगत नाही. ‘आलेखातील बिंदूंची स्टँडर्ड एरर’ असे नाव असते, तर बहुतेक लोक तिथेच थांबून विचार करते.

उपाय सोपा आहे. प्रत्येक गटाची स्टँडर्ड एरर मूळ नोंदींवरून वेगळ्या सेलमध्ये काढा. मग एरर बारच्या खिडकीत ‘कस्टम’ निवडून तो सेलचा पट्टा द्या. लिबरऑफिसमध्ये याच कामासाठी ‘सेल रेंज’ हा पर्याय आहे. सगळे बार अगदी एकाच लांबीचे दिसले, तर कोणाचाही आलेख असो, आधी हीच शंका घ्या.

‘पर्सेंटेज’ पर्यायात आपोआप ५ टक्के येते. म्हणजे ९५ टक्के विश्वासपातळी (कॉन्फिडन्स लेव्हल) का?

नाही, दोन्हींचा काहीही संबंध नाही. तो पर्याय प्रत्येक मूल्याच्या ५ टक्के लांबीचा बार काढतो, एवढेच. मूल्य २०० असेल तर बार १० वर आणि १० खाली. त्यात नमुना नाही, संभाव्यता नाही. मोजमापाच्या उपकरणाची अचूकता ‘वाचनाच्या ५ टक्के’ अशी दिलेली असेल, तरच तो वापरावा.

लिबरऑफिसच्या यादीत ‘व्हेरिअन्स’ आणि ‘एरर मार्जिन’ही आहेत. ते कशासाठी?

व्हेरिअन्स म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग. सेंटिमीटरमधल्या नोंदींचा व्हेरिअन्स चौरस सेंटिमीटरमध्ये येतो. सेंटिमीटरच्या अक्षावर चौरस सेंटिमीटरची लांबी काढली तर तिला अर्थ उरत नाही. हा पर्याय एरर बारसाठी वापरू नका, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘एरर मार्जिन’ हे नाव जास्त फसवे. सर्वेक्षणांमध्ये या शब्दाचा अर्थ असतो विश्वास अंतराची (कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरे मूल्य ज्यात असावे असा अंदाजाभोवतीचा पट्टा) अर्धी रुंदी. इथे मात्र मालिकेतल्या सर्वांत मोठ्या मूल्याची तुम्ही दिलेली टक्केवारी घेतली जाते आणि तीच लांबी सगळ्या बिंदूंना लागते. सर्वेक्षणाचा आलेख काढणाऱ्याने हा पर्याय विश्वासाने निवडला, तर दोष त्याचा नाही, लेबलचा आहे.

मग ९५ टक्के विश्वास अंतर कसे दाखवायचे?

स्वतः काढून. एक्सेलमध्ये ‘कॉन्फिडन्स.नॉर्म’ आणि ‘कॉन्फिडन्स.टी’ अशी दोन फंक्शने आहेत. पहिले घंटाकृती (नॉर्मल) वितरण वापरते, दुसरे टी वितरण. दोन्ही पूर्ण अंतर देत नाहीत, त्याची अर्धी रुंदी देतात. म्हणजे उत्तर सरासरीत मिळवायचे आणि सरासरीतून वजा करायचे. ९५ टक्क्यांसाठी त्यांना ०.९५ नव्हे तर ०.०५ द्यावे लागते. नाव ‘कॉन्फिडन्स’ असताना ०.९५ देणे अगदी स्वाभाविक आहे. तसे दिले की बार विलक्षण छोटा येतो आणि तो छोटा आहे म्हणून कोणी तक्रारही करत नाही.

नमुन्यावरूनच प्रमाण विचलन काढले असेल तर टी वापरा. वरच्या २५ रोपांसाठी नॉर्म ३.९२ सेंटिमीटर देईल आणि टी ४.१३. हा फरक लहान आहे. पण नोंदी फक्त ४ असतील, तर स्टँडर्ड एररला १.९६ च्या जागी ३.१८ ने गुणावे लागते, म्हणजे बार दीडपटीहून लांब होतो.

दोन बार एकमेकांवर आले तर ‘फरक नाही’ असे म्हणता येते का?

बार कशाचा आहे यावर ते अवलंबून आहे. ९५ टक्के विश्वास अंतरे थोडी एकमेकांवर आली, तरी फरक ५ टक्के पातळीवर लक्षणीय (नुसत्या योगायोगाने येणे अवघड असा) असू शकतो. उलट स्टँडर्ड एररचे बार एकमेकांपासून सुटे दिसले, तरी फरक लक्षणीय असेलच असे नाही. प्रमाण विचलनाच्या बारवरून, नोंदींची संख्या माहीत नसताना, असा निष्कर्ष काढताच येत नाही. हे सगळे दोन स्वतंत्र गटांपुरते आहे. त्याच व्यक्तींची आधीची आणि नंतरची मोजमापे असतील, तर वेगवेगळे बार पाहून काही ठरवू नये. फरकांचाच आलेख काढावा.

एकाच माहितीचे प्रमाण विचलन दोन सॉफ्टवेअरमध्ये वेगळे का येते?

भागाकार कशाने केला ते पाहा. ४, ६, ८, १०, १२ या पाच आकड्यांची सरासरी ८. सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज ४०. तिला ५ ने भागून वर्गमूळ काढले तर २.८३, ४ ने भागले तर ३.१६. हातात संपूर्ण समष्टी, म्हणजे ज्यांच्याबद्दल बोलायचे त्या सगळ्यांच्याच नोंदी, असेल तर पहिले उत्तर. हातात नमुना असून समष्टीचा अंदाज बांधायचा असेल तर दुसरे.

एक्सेलमध्ये ‘एसटीडीईव्ही.पी’ पहिले देते आणि ‘एसटीडीईव्ही.एस’ दुसरे. आरमधले ‘एसडी’ दुसरे देते. पायथॉनमध्ये मात्र नमपाय या लायब्ररीचे ‘एसटीडी’ काही न सांगता पहिले देते आणि पांडाज या दुसऱ्या लायब्ररीचे त्याच नावाचे ‘एसटीडी’ दुसरे. एकाच प्रोग्राममध्ये, एकाच नावाखाली, दोन उत्तरे. नोंदी हजारोंनी असतील तर फरक जाणवत नाही. पाच-सहा नोंदींत तो ठळक दिसतो.

चतुर्थकांचे काय? बॉक्स प्लॉटमधला डबा प्रत्येक ठिकाणी वेगळा दिसतो.

हा गोंधळ खोल आहे, कारण इथे कोणीच चुकलेले नसते. चढत्या क्रमाने लावलेल्या नोंदींचे चार समान भाग करणारी मूल्ये म्हणजे चतुर्थके, आणि डबा पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत असतो. १ ते ८ हे आकडे घ्या आणि पहिले चतुर्थक काढा. एक्सेलचे ‘क्वार्टाइल.इन्क’ २.७५ सांगते. ‘क्वार्टाइल.एक्स्क’ २.२५ सांगते. खालच्या अर्ध्या भागाचा, म्हणजे १, २, ३, ४ यांचा मध्यक (मधले मूल्य) काढण्याची शाळेतली रीत २.५ देते. तिन्ही पद्धती मान्य आहेत. दोन नोंदींच्या मधली जागा कशी वाटून घ्यायची, एवढाच त्यांच्यातला मतभेद. आरमधल्या ‘क्वांटाइल’ फंक्शनमध्ये अशा नऊ पद्धती क्रमांकाने दिल्या आहेत आणि काही सांगितले नाही तर सातवी चालते. हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो: पद्धतीला क्रमांक आहे, त्यामुळे तो लिहून ठेवता येतो.

पण त्याच आरमध्ये साध्या ‘बॉक्सप्लॉट’चा डबा १ ते ८ साठी २.५ पासून सुरू होतो, तर जीजीप्लॉट२ या आलेखांच्या पॅकेजचा २.७५ पासून. एक्सेल २०१६ मध्ये बॉक्स प्लॉट आला तेव्हा ‘इन्क्लुझिव्ह मीडियन’ आणि ‘एक्सक्लुझिव्ह मीडियन’ असे दोन पर्याय आले. ही नावे दिशाभूल करतात, कारण मध्यक दोन्हींत सारखाच असतो, बदलतात ती चतुर्थके. आपोआप निवडलेला असतो एक्सक्लुझिव्ह. म्हणजे शेजारच्या सेलमध्ये जुन्या ‘क्वार्टाइल’ने काढलेला आकडा आणि आलेखातला डबा जुळत नाहीत. जुने ‘क्वार्टाइल’ हे ‘इन्क’सारखेच चालते.

डब्याच्या मिशा किमान-कमाल दाखवतात ना? आणि बाहेरचे ठिपके काढून टाकायचे का?

मिशा, म्हणजे डब्यातून बाहेर निघणाऱ्या रेघा, नेहमीच किमान-कमाल दाखवत नाहीत. सांख्यिकीतज्ज्ञ जॉन ट्युकी यांच्या रीतीत डब्याच्या कडेपासून त्याच्या उंचीच्या दीडपट अंतरात जी सर्वांत दूरची नोंद असेल, तिथपर्यंत मिशी जाते आणि पलीकडचे बिंदू सुटे काढले जातात. बरीच सॉफ्टवेअर हेच करतात, काही सरळ किमान आणि कमाल जोडतात. मिशीचा नियम आलेखाखाली लिहिलाच पाहिजे.

सुट्या ठिपक्यांना मेनूत ‘आउटलायर’ म्हटले जाते आणि लोक ते चुकीच्या नोंदी समजून पुसतात. अगदी निर्दोष, घंटाकृती वितरणातही सुमारे ०.७ टक्के नोंदी या सीमेबाहेर पडतात. दहा हजार नोंदींत सत्तरएक ठिपके दिसणारच. ठिपका म्हणजे ‘ही नोंद तपासा’ अशी खूण आहे, तिला पुसायची परवानगी नव्हे.

स्तंभालेख (बार चार्ट) आणि आयतालेख (हिस्टोग्राम) यांत फरक काय? दोन्हींत उभ्या पट्ट्याच असतात.

स्तंभालेखात पट्टीची उंची बोलते, आयतालेखात तिचे क्षेत्रफळ. वर्गांतरे सारख्या रुंदीची असतील तर फरक पडत नाही. ती असमान झाली (०–१०, १०–२०, २०–५०) की उंचीवर थेट वारंवारता काढणे चूक ठरते. शेवटच्या वर्गाची उंची तीनने भागावी लागते. अनेक स्प्रेडशीट वारंवारतेच्या तक्त्यावरून साधा ‘कॉलम चार्ट’ काढून देतात. त्यात असमान वर्गही एकाच रुंदीचे दिसतात.

उभ्या अक्षावर ‘डेन्सिटी’ लिहिलेले असेल तर सगळ्या पट्ट्यांच्या क्षेत्रफळांची बेरीज १ असते. त्यामुळे एखाद्या पट्टीची उंची १ पेक्षा जास्त असू शकते. ती संभाव्यता नाही, म्हणून घाबरू नका.

‘लाइन’ आणि ‘स्कॅटर’ यांपैकी कोणता चार्ट?

आडव्या अक्षावर खरे आकडे असतील तर स्कॅटर. एक्सेलचा लाइन चार्ट आडव्या अक्षावरच्या आकड्यांना नुसती नावे समजतो. १, २, ५ आणि १० तासांनी घेतलेली मोजमापे तो समान अंतरावर मांडतो. त्यावर ट्रेंडलाइन लावली तर गणितही १, २, ३, ४ धरूनच होते. म्हणजे चित्राबरोबर समीकरणही चुकते. तारखा मात्र तो तारखांचा अक्ष म्हणून ओळखू शकतो.

‘स्मूद लाइन’ लावली तर माहितीतला गोंगाट कमी होतो का?

होत नाही. एक्सेलची स्मूद रेषा सगळ्या बिंदूंतून जाते आणि त्यांच्यामध्ये फक्त वळण घेते. त्या वळणात ती कधी शून्याच्या खालीही उतरते. मग कधीच ऋण होऊ न शकणारी राशी आलेखात ऋण दिसते. लिबरऑफिसमध्ये ‘क्युबिक स्प्लाइन’ बिंदूंतून जाते, तर ‘बी-स्प्लाइन’ त्यांच्या जवळून जाते. हे रेखाटनाचे पर्याय आहेत, सांख्यिकीचे नाहीत. मोजमापांच्या आलेखात ते बंद ठेवावेत.

ट्रेंडलाइनमधले ‘मूव्हिंग ॲव्हरेज’, ‘आर-स्क्वेअर्ड’ आणि ‘फोरकास्ट’?

एक्सेलचे मूव्हिंग ॲव्हरेज मागच्या नोंदींची सरासरी घेऊन ती शेवटच्या बिंदूवर ठेवते. म्हणून ७ चा कालावधी घेतला तर रेषा खऱ्या चढ-उतारांच्या सुमारे ३ पावले मागे चालते. वळण कोणत्या दिवशी आले, हे त्या रेषेवरून सांगू नका.

आर-स्क्वेअर्ड म्हणजे रेषा बिंदूंशी किती जुळते त्याचा आकडा, सरळ रेषेसाठी सहसंबंधाचा वर्ग. तो जास्त म्हणजे रेषा योग्य, असे नाही. सांख्यिकीतज्ज्ञ फ्रान्सिस अँस्कम यांनी १९७३ मध्ये चार छोटे माहितीसंच मांडले. चारही संचांत सरासऱ्या, रेषेचे समीकरण आणि सहसंबंध ०.८१६ जवळपास सारखे आहेत. चित्रे काढली की एक सरळ ढगासारखा, एक वक्र, एकात एकच बिंदू रेषा वाकवणारा आणि एकात उभी रांग. शिवाय एक्सेलमध्ये एक्स्पोनेन्शियल किंवा पॉवर रेषेचे आर-स्क्वेअर्ड लॉग घेतलेल्या आकड्यांवर निघते. साध्या रेषेच्या आकड्याशी त्याची थेट तुलना करू नये.

‘फोरकास्ट’ हा शब्द एक्सेलमध्ये दोन जागी आहे. ट्रेंडलाइनमध्ये तो फक्त रेषा पुढे ओढतो. २०१६ पासूनचे ‘फोरकास्ट शीट’ घातांकी स्मूदिंग (जुन्या नोंदींना उत्तरोत्तर कमी वजन देणारी रीत) करून विश्वासमर्यादा देते. अहवालात नुसते ‘एक्सेलचे फोरकास्ट’ लिहिले तर काय केले ते कोणालाच कळणार नाही.

जीजीप्लॉट२ मध्ये रेषेभोवती करडा पट्टा येतो. ९५ टक्के बिंदू त्यात असायला हवेत ना?

नाही. तो पट्टा रेषेच्या, म्हणजे सरासरीच्या, अनिश्चिततेचा आहे. नव्या नोंदी कुठे पडतील ते सांगणारा पट्टा वेगळा आणि बराच रुंद असतो. नोंदी वाढल्या की करडा पट्टा अरुंद होत जातो, बिंदूंचा ढग मात्र तेवढाच राहतो. पहिल्या प्रश्नातला फरक इथे पुन्हा येतो.

सॉफ्टवेअरवाले अशी नावे खरेच बदलतात का?

बदलतात, आणि चांगली उदाहरणे आहेत. एक्सेल २०१० मध्ये जुन्या ‘एसटीडीईव्ही’ला ‘.एस’ आणि ‘.पी’ अशी स्पष्ट भावंडे मिळाली. जुन्या फायली चालाव्यात म्हणून जुने नावही ठेवले. पायथॉनमधल्या मॅटप्लॉटलिब या आलेखांच्या लायब्ररीत आयतालेखासाठी ‘नॉर्म्ड’ नावाचा पर्याय होता. काय ‘नॉर्म’ झाले ते नावातून कळत नव्हते, म्हणून तो बाद करून ‘डेन्सिटी’ आणला. सर्वांत नेटकी दुरुस्ती मला पायथॉनमधल्याच सीबॉर्न या लायब्ररीची वाटते. तिथे पूर्वी ‘सीआय’ (कॉन्फिडन्स इंटरव्हल) हा एकच पर्याय होता आणि त्यालाच ‘एसडी’ असे मूल्य देऊन प्रमाण विचलनही काढता येई. २०२२ च्या ०.१२ आवृत्तीपासून पर्यायाचे नाव ‘एररबार’ झाले. त्यात प्रमाण विचलन, स्टँडर्ड एरर, शतमकांचे अंतर आणि विश्वास अंतर या चार गोष्टी चार नावांनी मिळतात.

चुकीचे लेबल दिसले तर दुरुस्तीसाठी काय पाठवायचे?

तक्रार नोंदवायला लिबरऑफिससाठी बगझिला हे संकेतस्थळ आहे, मॅटप्लॉटलिब आणि सीबॉर्नसाठी गिटहब. ‘शब्द चुकीचा आहे’ एवढेच लिहिलेली तक्रार तशीच पडून राहते. आवृत्ती आणि मेनूचा नेमका मार्ग द्या. पाच-सहा आकड्यांचा छोटा माहितीसंच द्या, लेबल वाचून अपेक्षित उत्तर काय आणि सॉफ्टवेअरने दिलेले काय, दोन्ही लिहा. मग नवे लेबल सुचवा. गणित बदलायचे की फक्त नाव, हे वेगळे सांगा. गणित बदलले तर जुन्या फायलींतले आलेख बदलतात, आणि ते कोणालाही नको असते. नाव बदलणे त्यामानाने सोपे. तरी इंग्रजी लेबल बदलले की प्रत्येक भाषेतला अनुवाद पुन्हा तपासावा लागतो, म्हणून एका अक्षराच्या सुधारणेसाठी तक्रार करू नका. मदतीच्या पानाचा मजकूरही त्याच वेळी पाठवलात, तर काम स्वीकारले जाण्याची शक्यता वाढते.

मराठी मेनूतले शब्द दुरुस्त करताना कशावर भर द्यावा?

एका संकल्पनेला संपूर्ण सॉफ्टवेअरमध्ये एकच शब्द. चार्टमध्ये ‘प्रमाण विचलन’ आणि फंक्शनच्या यादीत ‘मानक विचलन’ असेल, तर वापरणाऱ्याला त्या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. ‘मध्य’ आणि ‘मध्यक’ पाठ्यपुस्तकात शोभतात. मेनूच्या बारीक अक्षरांत मात्र ते एकमेकांसारखे दिसतात, म्हणून पहिल्यासाठी ‘सरासरी’ वापरावे. लिबरऑफिसचे अनुवाद वेबलेट या ऑनलाइन अनुवाद-साधनावर होतात. तिथे शब्द टाकण्याआधी तो पर्याय प्रत्यक्ष चालवून पाहा आणि गणित समजल्याशिवाय अनुवाद करू नका.

लेबल सुधारेपर्यंत आलेखाखाली काय लिहू?

सॉफ्टवेअरचा शब्द उतरवू नका, गणित लिहा. उदाहरणार्थ: ‘स्तंभ: गटाची सरासरी. बार: सरासरीचे ९५ टक्के विश्वास अंतर, टी वितरणावरून, प्रत्येक गटात २५ रोपे.’ बॉक्स प्लॉट असेल तर: ‘डबा: पहिले ते तिसरे चतुर्थक, आरमधील सातवी पद्धत. मिशा: डब्याच्या उंचीच्या दीडपट अंतरातील सर्वांत दूरची नोंद. ठिपके: त्यापलीकडील सर्व नोंदी, एकही वगळलेली नाही.’